तीन तांबे पाणी

त्यांच्या तेरवीच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ वरणभात कालवता कालवता म्हणाला, "मिस्त्री मोठा कंजूस माणूस. झाडाले चमच्यानं पानी पाजे." समोरच्या रांगेतले तीन-चार जण हसले. एकाने तर आपणही ऐकलंय म्हणून पुस्ती जोडली. ज्याच्या नावाने पानावर बसलात त्याचीच टिंगल करता, लाज नाही वाटत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. कारण ती चमच्याची गोष्ट चिखलीत पहिल्यांदा ज्या तोंडातून बाहेर पडली ते तोंड माझं होतं.

म्हणून हे लिहायला बसले आहे. राग कोणाकोणाचा आहे ते पुढे येईलच. त्यांचाही आहे, हे आधीच सांगून ठेवते. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मला ते जमत नाही.

नवी नोकरी लागली तेव्हा मी चिखलीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. खाली त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या विहिरींवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. ते त्यांतली काळी पडलेली तार ओढून काढायचे आणि नवी भरायचे. वॉर्निशचा वास माझ्या उशीपर्यंत पोचायचा. बायको पुण्याला मुलाकडे नातवंडं सांभाळायला गेलेली. ती दिवाळीला यायची, आठ दिवस घर घासायची, नवऱ्याला आणि झाडाला सारख्याच शिव्या घालायची आणि परत जायची. गावभर त्यांना मिस्त्री म्हणत. मी काका म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे. पाच वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही.

घरमालक म्हणून या माणसाने मला पिडलं आहे. खोलीतला पंखा पाचवर लावायचा नाही, कारण पाचवर त्याची वायंडिंग रडते. मिक्सर सलग एका मिनिटाच्या वर फिरवायचा नाही. एकदा मी शेंगदाण्याचा कूट करत होते तर खालून जिन्याच्या कठड्यावर पाना आपटला आणि हाक आली, "मॅडम, दम घेऊ द्या तिले." तिले म्हणजे मिक्सरच्या मोटारीला. मला कुणी कधी दम घेऊ दिला नव्हता, आणि हे माझ्या मिक्सरची कीव करत होते. त्याच वेळी माझ्या खोलीचा पत्रा दोन पावसाळे गळत होता, त्याकडे मात्र वर मान करून पाहायला त्यांना सवड नव्हती. मी चिडून वर बोलावलं तेव्हा आले, गळतीखाली ठेवलेली बादली पाहिली आणि ते पाणी खाली झाडाला न्यायला लागले. पावसाचं पाणी झाडाला चांगलं असतं म्हणाले. पत्रा तिसऱ्या वर्षी बदलला.

झाड दुकानाच्या बाजूच्या ओट्यावर असायचं. डाळिंबाचं. उंची हातभर, पण खोड माझ्या मनगटाहून जाड, पिळवटलेलं, एका अंगाने पोकळ. जुनी कढई साचा म्हणून पालथी घालून त्यांनी स्वतः सिमेंटची उथळ कुंडी ओतली होती. त्या एवढ्याशा मातीत ते झाड पाय रोवून उभं होतं. बोन्साय म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. लहान डाळिंब म्हणायचं. फांद्यांना वळण द्यायला जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार वापरायचे. आगीतून निघालेली तार नरम होते आणि झाडाला टोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तारेखाली साल चिरडू नये म्हणून मोटारीच्या खाचांत घालतात त्या कागदाची पट्टी आधी गुंडाळायची. दर महिन्याला तार उलगडून पाहायची, व्रण दिसला की लगेच काढायची. वर्षाआड पावसाळ्याच्या तोंडावर झाड कुंडीतून उपटून मुळं कापायची. कळ्या आल्या की त्यांतल्या बऱ्याचशा चिमटीने खुडायच्या, नाहीतर झाड थकतं.

आणि रोज सकाळी चहाच्या आधी कुंडी दोन्ही हातांनी उचलायची. डोळे मिटून. वजनावरून मातीत पाणी किती आहे ते त्यांना कळायचं. पहिल्या महिन्यात मला वाटलं की हा काही पूजेचा प्रकार असावा. विचारलं तर म्हणाले, "मोटर जळाली तं वास येते. झाडाचा वासबी येत नाई. म्हून रोज उचलून पाहा लागते."

मी बी.एस्सी. बी.एड. होते आणि वय पंचवीस होतं. या वयात माणसाला सगळ्या गोष्टींबद्दल मत असतं. झाडाला कुंडीत कोंडणं, तारेने बांधणं, मुळं छाटणं हा छळ आहे, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सुनावलं. मोकळ्या रानात वाढलं असतं तर केवढं झालं असतं, तुम्ही खुजं करून ठेवलंत. त्यांनी हातातली तार खाली ठेवली. "मी चाळीस वर्सं झाले या दहा बाय बाराच्या दुकानात बसून राह्यलो," म्हणाले. "मी तुम्हाले खुजा दिसतो का?" मला आणखीच राग आला.

मोकळ्या रानाचं मी बोलले, पण ते झाड मोकळ्या रानातूनच आलं होतं, आणि रानातून त्याला हाकलून दिलं होतं. त्यांचे एक दोस्त होते, वामनराव. हिवरा आश्रमाच्या बाजूला त्यांचं शेत. तिथे त्यांची डाळिंबाची बाग होती, आणि त्या बागेची मोटार जळाली की दुरुस्तीला हेच जायचे. बागेवर तेल्या पडला. फळांवर तेलाचे डाग पडतात तसे डाग पडून फळं तडकतात, फवारणीने आवरत नाही. तीन वर्षं झुंजून वामनरावांनी ट्रॅक्टर बोलावला आणि सगळी बाग एका दिवसात उपटून बांधावर रचली. काका त्याच दिवशी मोटार काढून आणायला गेले होते. परतताना मोटारीसोबत एक खुंट पिशवीत घालून आणला. वामनरावांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर सात-आठ वर्षं दोघांच्या भेटी होत राहिल्या, पण डाळिंब हा शब्द वामनरावांनी काढला नाही, आणि ते झाड पाहायला चिखलीलाही आले नाहीत.

पुढचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर माझी चूक तुम्हाला लहान वाटेल. मी राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवाळीत वामनरावांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. काका भेटायला गेले तेव्हा त्यांनी इतक्या वर्षांनी विषय काढला. तो खुंट जगला का, विचारलं. मग म्हणाले, एकदा बहार दाखव. तुरळक एखादं फूल नको, त्यांच्या बागेत यायचा तसा भरगच्च आंबे बहार. आंब्याला मोहर यायच्या दिवसांत डाळिंबाला जो बहार धरतात, तो. काकांनी कबूल केलं. वामनराव पुढच्याच उन्हाळ्यात वारले. म्हणजे त्यांना एकच बहार मिळणार होता.

यातलं काकांनी मला काही सांगितलं नाही. या गोष्टीवरून मी आजही त्यांच्याशी मनातल्या मनात भांडते.

आता हा माणूस एखाद्या गोष्टीसाठी किती हटून बसायचा ते सांगते. समोरच्या घरात एक काकू होत्या. सोवळ्याच्या, पहाटे उठणाऱ्या, आणि गल्लीतल्या प्रत्येक कुंपणावरून देवासाठी फुलं तोडणाऱ्या. देवाला फूल हवं म्हटलं की मालकाला विचारायचं नसतं, असा आपल्याकडे कायदाच आहे. एका मंगळवारी त्यांनी लहान डाळिंबाची दोन्ही फुलं गणपतीला लाल फूल म्हणून तोडून नेली. दुसरा कोणी भांडला असता. काका अंघोळ करून, टोपी घालून त्यांच्या घरी गेले आणि देवघरासमोर पाट घेऊन बसले. नऊ वाजले, अकरा वाजले. काकूंनी चहा दिला, तो प्यायले. जेवायला वाढू का विचारलं, नको म्हणाले. दुपारी काकूंचा धीर सुटला आणि मला बोलावणं आलं. मी विचारलं, काका, हे काय चाललंय? "काई नाई," म्हणाले, "माही फुलं पाहून राह्यलो. मावळंलोक पाहतो अन् जातो."

सूर्य मावळेपर्यंत खरोखर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ती निर्माल्य झालेली फुलं मागून आणली आणि कुंडीतल्या मातीत पुरली. मला त्यांची इतकी लाज वाटली की आठवडाभर मी त्या काकूंच्या घरासमोरून मान खाली घालून गेले. आठ दिवसांनी त्यांनी काकूंच्या दारात जास्वंदीचं रोप लावून दिलं, आळं करून दिलं, आणि सांगितलं की हे कितीही तोडा. हे रोपाचं पंगतीत कोणी सांगत नाही.

माझी नोकरी धोक्यात आणण्याचाही पराक्रम त्यांनी केला. पंधरा ऑगस्टला शाळेत मोठे पाहुणे येणार होते आणि स्टेजवर काहीतरी शोभेचं हवं होतं. झाडावर तेव्हा मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या बहाराची, शेवटची पाच-सहा फुलं होती. मुख्याध्यापकांपुढे चमकायची हौस मला. मी काकांच्या मागे लागले. आश्चर्य म्हणजे ते तयार झाले, फक्त झाडासोबत आपण येणार म्हणाले. झाड पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलं, सगळ्यांनी वाहवा केली, मी खूश. पाहुण्यांसाठी बाजूला मोठा फर्राटा पंखा लावला होता, त्याचा वारा सरळ फुलांवर येत होता. पाहुणे बोलायला उभे राहिले. स्वातंत्र्याचं मोल असं काही चाललं होतं. काका पालकांच्या रांगेतून उठले, शांतपणे स्टेजवर चढले, पंख्याची पिन काढली आणि परत जागेवर येऊन बसले.

शिपायाने पिन लावली. काका पुन्हा उठले. तिसऱ्या वेळी पाहुण्यांनी भाषण थांबवून विचारलं, काय भानगड आहे? काका स्टेजवरूनच म्हणाले की फुलांना वारा सोसत नाही, आणि तसंही पंख्याची मोटार तापली आहे, हात लावून पाहा. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी खरंच हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पोरं जी हसायला लागली ती आवरेनात. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी शोभेला प्लॅस्टिकची फुलं आणा, मॅडम. मी घरी येऊन काकांशी पंधरा दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे तर आणखी वाईट.

एवढं सांगायचं कारण, वामनरावांना झटका आला त्या दिवाळीनंतरच्या डिसेंबरात जे झालं त्याच्या आधीपासूनच मी पेटलेली होते.

डिसेंबर लागला आणि त्यांनी झाडाचं पाणी तोडलं. रोज कुंडी उचलून पाहायची, आणि तीन-चार दिवसांनी चहाच्या चमच्याने कडेकडेने चार चमचे पाणी घालायचं. बस्स. पानं पिवळी पडली, मग गळायला लागली. माती कुंडीच्या कडेपासून सुटली. सकाळी शाळेत जाताना मला ती काटकुळी फांदी दिसायची आणि मी मान वळवून घ्यायचे. हे खरं आहे, मी उगाच शहाणपणा करत नव्हते. मला ते झाड बघवत नव्हतं. समोरच्या काकू येता-जाता म्हणायच्या, पाप लागन मिस्त्रीले. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तेव्हा गल्लीचं मत पडलं की म्हातारा पाणी वाचवतोय.

मी त्यांना विचारलं नाही. मी त्यांना शिकवलं. पाण्याशिवाय पानात अन्न तयार होत नाही, मुळांचे केस वाळले की परत येत नाहीत, असं दुकानात उभी राहून पोरांना सांगावं तसं सांगितलं. मोटार भरायला आलेले दोन शेतकरी तिथे बसले होते, ते एकमेकांकडे पाहून गालात हसले. मला वाटलं काकांना हसताहेत. आज कळतं की ते मला हसत होते. डाळिंबाला पाण्याचा ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, हे त्या दोघांना शेंबड्या वयापासून ठाऊक असणार. जीवशास्त्राच्या मॅडमला ठाऊक नव्हतं. माझ्या पुस्तकात डाळिंबाच्या फुलाचा आडवा छेद होता, बहार नव्हता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तहान लागू द्या त्याले, मॅडम."

मी वर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चमच्याची गोष्ट रंगवून सांगितली. चमचा कसा धरतात, थेंब कसे मोजतात, त्याची नक्कलही केली. सगळे पोट धरून हसले. मग एकीने म्हटलं, अगं, तू तिथेच राहतेस ना? तूच घाल की पाणी. त्यांना काय कळणार?

रब्बीचे दिवस होते. गव्हाला, हरभऱ्याला पाणी चाललेलं, मोटारी जळायच्या, आणि डिसेंबर सरता सरता काकांना तीन आठवडे खेड्यांवरच मुक्काम करावा लागला. ते गेले त्याच दिवशी मी तांब्याभर पाणी घातलं. मातीने ते असं शोषलं की मला कृतार्थ वाटलं. चार दिवसांनी दुसरा तांब्या. आठवड्याने तिसरा. संक्रांतीच्या आधी झाडाला तांबूस कोवळी पालवी फुटली, आठ दिवसांत ते हिरवंगार झालं. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं की प्रेमाने पाणी घाला, जीव बहरतो. चाळीस जणांनी बदाम पाठवले. ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याच दिवशी काका खेड्यांवरून परतले. हात कोपरापर्यंत काळे. आल्या आल्या कुंडी उचलली. खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी जिन्यात उभीच होते, भांडायच्या तयारीने. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, किती? मी ताठ मानेने सांगितलं, तीन तांबे, आणि वाचवलंय मी त्याला. वाटलं होतं ओरडतील. ते नुसतं "हो" म्हणाले आणि आत जाऊन मोटार भरायला बसले. तार भरताना ते वेढे मोठ्याने मोजत, ही त्यांची सवय. वरच्या खोलीत मला ते आकडे ऐकू यायचे. त्या दुपारी सत्तेचाळीसपर्यंत गेले आणि थांबले. सगळे वेढे सोडले, पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुन्हा चुकले. मला वाटलं, बरी जिरली.

फेब्रुवारीत वामनरावांच्या मुलाचा फोन आला की बाबा खात नाहीत, येऊन जा. रविवार होता. काका वर आले आणि म्हणाले की झाड न्यायचं आहे, कुंडी धरायला दोन हात कमी पडतात, येता का? मी गेले. एस.टी.त खिडकीपाशी बसून मी ती कुंडी मांडीवर धरली होती. पालवीने गच्च भरलेलं झाड, वीत-वीत लांबलेले कोवळे शेंडे, आणि एकही कळी नाही. चिखली मागे पडल्यावर मी सहज विचारलं, आजारी माणसाला झाड कशाला? तेव्हा काकांनी खिडकीबाहेर पाहत दिवाळीतला सगळा प्रकार सांगितला. बाग, खुंट, कबूल केलेला बहार, पाण्याचा ताण. सगळं मिळून दहा वाक्यंही नसतील.

मला शरम वाटली, पण शरमेच्या आधी राग आला, हेही लिहिते. इतकं होतं तर मला आधी का सांगितलं नाही, असं मी भर गाडीत जवळजवळ ओरडले. कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

"तुम्ही इचारलं कवा?" काका म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "तुम्ही तं सांगूनच राह्यल्या व्हत्या."

वामनराव ओसरीवर खाटेवर होते. मोठ्या हाडापेराचा माणूस, आता अर्धा निर्जीव. बोलणं जड झालेलं, पण समजत होतं. काकांनी माझ्या मांडीवरून घेतलेली कुंडी खाटेशेजारी स्टुलावर ठेवली. वामनरावांनी झाडाकडे बराच वेळ पाहिलं. मग डावा हात पुढे करून एक शेंडा दोन बोटांत धरला, वाकवून पाहिला, पेरं मोजल्यासारखी बोटं वर नेली. बागवान माणूस. त्यांना कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"अवकाळी झाला का बे तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, नाही.

"मंग याले मधातच पानी कोनं पाजलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मी, असं म्हणायला एक अक्षर लागतं.

"म्या," काका म्हणाले. "सुकत चाललं व्हतं. राह्यवलं नाई."

वामनराव हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली. सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. बाबा झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. पण ते हसणं काकांना होतं. चाळीस वर्षं मोटारी भरल्या, एक तार इकडची तिकडे केली नाही, आणि झाडापाशी तुझा दम निघाला नाही, असं ते थांबत थांबत म्हणाले. मशिनीत जन्म गेला तुझा, झाडातलं तुला कधीच समजलं नाही. मी खुंट नेऊ दिला तेव्हाच मला वाटलं होतं.

ज्या माणसाने महिनाभर कुंडी उचलून उचलून थेंब मोजले, त्याला हे ऐकावं लागत होतं. ज्याच्या शब्दाची त्याला किंमत होती अशा एकमेव माणसाकडून. मला वाटलं काका आता तरी माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवायला हवं होतं. मला वाचवायचा हक्क त्यांना कोणी दिला होता? त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हाव," म्हणाले, "नाई समजलं."

सूनबाईंनी माझ्या हातात कप दिला. वामनरावांनी मान माझ्याकडे वळवली आणि या कोण, म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं की शाळेत झाडांचं शिकवतात. वामनरावांच्या डोळ्यांत एकदम आदर आला. त्यांनी डावा हात कपाळाकडे नेऊन मला नमस्कार केला.

"मॅडम, पोरायले सांगा बरं हे," ते म्हणाले. "झाडापाशी दम धरा लागते. या मिस्त्रीसारखं करू नोका म्हना."

काका झाडाकडे पाहत होते. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत थांबले होते.

"हो बाबा," मी म्हणाले, "सांगते."